ओव्हर घेणारी समोर हवी

नंदुरबार,
दि. १६ जानेवारी

चि. रुचिका हिस,
सुनिता फुईचे अ. उ. आ.

काल दुपारी पोलीस लोणखेड्याला तुझ्या बापाच्या, लोटनच्या दारात आले, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. एरवी फोन केला असता. आता तो करायचा नाही. का ते सांगते.

एक हवालदार होता आणि एक बाई शिपाई. लोटन पपईच्या बागेतून नुकताच येऊन हात धूत होता. दोघं सभ्यपणे बसले, चहा घेतला आणि मग हवालदाराने पिशवीतून चार कागद काढले. तुम्हा नर्सेसच्या फोनवरच्या ग्रुपमधलं सगळं बोलणं त्यावर छापलेलं होतं. कोणी दिलं ते विचारू नकोस, तुमच्यातल्याच कोणीतरी. तुझ्या नावापुढे लाल शाईने रेघ होती आणि खाली तुझं वाक्य. लोटनने ते मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. "बावीस तारखेला सकाळी आठ वाजता सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचं, एकही मागे राहता कामा नये."

हवालदाराने समजावून सांगितलं की सरकारने आरोग्य सेवेतल्या संपावर बंदीचा आदेश काढला आहे. मेस्मा म्हणतात तो कायदा. संप करणाऱ्याला वॉरंटाशिवाय उचलता येतं, आणि दुसऱ्याला संप करायला सांगणाऱ्यालाही. तुझं वाक्य दुसऱ्या प्रकारात बसतं म्हणे. लोटन त्यांना म्हणाला, "मन्ही पोर काय चोर शे का?" हवालदार म्हणाला, नाही काका, चोर असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

लोटन संध्याकाळच्या बसने मोठ्या बहिणीकडे, म्हणजे माझ्याकडे आला. इथे सध्या पथारीवर मिरची वाळते आहे, सगळ्या गावात नाकाला झोंबणारा खाट आहे. तो डोळे पुसत बसला आणि मिरचीचा ठसका लागला म्हणाला. मीही ठसकाच मानला.

तर आता ऐक. फोनवर संपाचं एक अक्षर लिहायचं नाही, बोलायचं नाही. जे असेल ते कागदावर लिही आणि तौफिकजवळ दे. तुमच्या रुग्णवाहिकेचा हा चालक पेशंट सोडायला नंदुरबारला येतो आणि परतताना माझ्याकडे चहा घेऊन जातो. त्याचा जन्म माझ्या वॉर्डातला, दोन दिवस रडला नव्हता. त्यामुळे तो माझं ऐकतो आणि गप्पही राहतो.

मी संपाच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. नर्स म्हणून चौतीस वर्षांच्या नोकरीत मी दोन संप केले. पण मी कायम नोकरीत होते. तुझी अकरा महिन्यांची ऑर्डर, एका दिवसाचा खंड, परत अकरा महिने. तुला काढायला त्यांना चौकशीसुद्धा लागत नाही. संपाच्या नोटिशीवर तू सही का केलीस आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते मला सरळ कळव. गोल गोल लिहू नकोस. आणि अक्षर वाचता येईल असं काढ. औषधाच्या चिठ्ठ्या वाचून वाचून माझे डोळे गेले, उरलेले तू घालवू नकोस.

जेवतेस का ते लिही.

काळजी करत नाही असं लोटनला सांगणारी,
तुझी फुई

*

घाटावरून,
दि. १८ जानेवारी

तीर्थरूप सुनिता फुईस,
रुचिकाचा शि. सा. न.

पत्र मिळालं. तौफिकभाईंनी ते सीटखाली लपवून आणलं होतं, आणि मला देताना इतके इकडेतिकडे बघत होते की बघणाऱ्याला शंका न येती तरच नवल. हसले, आणि मग वाचलं, आणि हसू गेलं. आप्पांच्या दारात पोलीस आले हे मला दोन दिवस माहीतच नव्हतं. आप्पा फोनवर सगळं ठीक शे म्हणत होते.

सरळ लिहिते. सही कोणाच्या सांगण्यावरून केली नाही. आमच्या संघटनेचं काम आफशीन बघते, ती प्रसूती विभागात आहे. तिने तर मला दोनदा विचारलं की घरी विचारलंस का. मी नवजात बाळांच्या खोलीत एकटी असते, फुई. बाळांना ऊब देणारे चार वॉर्मर आहेत, बाळं कधी सहा, कधी सात. रात्री मी एकटी, आणि प्रसूतीला कोणी अडली की मलाच तिकडे पळावं लागतं. नोव्हेंबरमध्ये मी अशी पळाले. अकरा मिनिटांनी परत आले तेव्हा तीन नंबरच्या वॉर्मरवरचं बाळ निळं पडलेलं होतं. मी सगळं केलं. ते परत आलं नाही. त्याच्या आईनेच माझ्यासाठी चहा मागवला.

दुसरी नर्स द्या म्हणून मी त्याआधी तीन अर्ज दिले होते, पोच घेऊन. नंतर चौथा दिला. म्हणून सही केली. कायम करा ही मागणी सगळ्यांची आहे, माझीही आहे. पण माझी सही त्या अकरा मिनिटांसाठी आहे.

भीती वाटते का असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. वाटते. काल अधीक्षकांनी आम्हाला व्हरांड्यात उभं करून बंदीचा आदेश वाचून दाखवला आणि वाचल्याच्या सह्या घेतल्या. सही करताना एकीने पेन इतकं दाबलं की ते कागदातून आरपार गेलं. आज सकाळी पोलीस आले आणि ग्रुपवर लिहिणाऱ्या आम्हा चौघींचे फोन तपासासाठी म्हणून घेऊन गेले. दवाखान्याचा फोन अधीक्षकांच्या खोलीत असतो. म्हणजे आता खरंच तुझं पत्र आणि माझं पत्र, एवढंच.

ठरलं असं आहे. बावीसला सकाळी आठ वाजता सगळ्या जणी पायऱ्यांवर जमणार, हजेरीच्या रजिस्टरमध्ये कार्यभार सोडल्याची सही करणार आणि बाहेर बसणार. बाळांच्या खोलीसाठी कायम नोकरीतल्या सिस्टर येणार आहेत आणि खालच्या नर्सिंग कॉलेजमधून चार विद्यार्थिनी. अधीक्षकांनी तसं लेखी दिलं आहे. एकवीसची रात्र माझीच आहे, म्हणजे आठला मी एकेक बाळ सोपवून त्यांना ओव्हर देईन आणि बाहेर येईन. तुमच्या संपात ओव्हरचं कसं करत होता?

जेवते. खोटं लिहीत नाही, एकदाच जेवते.

आप्पांना सांभाळ. ते तुलाच घाबरतात आणि तुझंच ऐकतात.

आशीर्वाद मागणारी,
रुचिका

*

नंदुरबार,
दि. २० जानेवारी

चि. रुचिका हिस अ. उ. आ.

नोव्हेंबरची गोष्ट तू मला नोव्हेंबरमध्ये सांगायला हवी होतीस. त्यावर आता जास्त लिहीत नाही. सही मागे घे असं सांगायला मी हे पत्र लिहायला बसणार होते. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि ते सांगायचं रद्द केलं. लोटनला अजून कळवलेलं नाही. तो रोज सकाळी फोन करून एवढंच म्हणतो, तिला सांग, "तू खाले ये, मंग दखसूत." काय बघणार आहे ते त्यालाही ठाऊक नाही.

ओव्हरचं विचारलंस. ते नीट वाच, बाकी पत्र नाही वाचलं तरी चालेल.

आमच्या संपात आम्ही सगळ्या एकदम आठ वाजता उठलो असं कधी झालं नाही. ज्या वॉर्डात घेणारी आली त्या वॉर्डातली देणारी सुटली. एकदा मी दुपारी दोनपर्यंत आत होते आणि बाहेरच्या बायका माझ्या नावाने ओरडत होत्या. ओरडू दिलं. ओव्हर ही कागदावर द्यायची गोष्ट नाही. घेणारी तुझ्यासमोर उभी हवी, एकेका पलंगाशी दोघींनी जायचं, तिने पेशंटला हात लावायचा, तू सांगायचं, तिने ऐकायचं, आणि मग सही. तोवर सही नाही. घड्याळात आठ वाजू दे नाहीतर बारा. अधीक्षकांनी लेखी दिलंय म्हणतेस. लेखी दिलेल्या सिस्टरने आजवर एकाही बाळाचा लंगोट बदललेला मी पाहिला नाही.

आता माझ्याकडची बातमी. काल आरोग्य कार्यालयाचा माणूस आला होता. संपाच्या काळापुरतं निवृत्त नर्सेसनी कामावर यावं अशी पत्रं निघाली आहेत, यादीत माझं नाव आहे. मी त्याला चहासुद्धा दिला नाही. भाची पायऱ्यांवर बसणार आणि फुई तिच्या जागेवर जाऊन उभी राहणार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही, असं सांगून परत पाठवला. तो म्हणाला, बाई, विचार करा, पत्र मी टेबलावर ठेवून जातो. ठेवून गेला.

तुला धीर द्यावा असं काही माझ्यापाशी नाही. मला कायदा कळत नाही, तुरुंग मी पाहिलेला नाही. स्वेटर पाठवते आहे. वर थंडी असेल, आणि कोठडीतही असते असं ऐकते. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

दार लावताना रोज तुझं नाव घेणारी,
फुई

*

घाटावरून,
दि. २२ जानेवारी, सकाळी ११

तीर्थरूप फुईस सा. न.

तुझं पत्र मला आज सकाळी साडेनऊला मिळालं. काल गाडी खालीच अडकली होती. सही मी आठ वाजता करून बसले होते.

काय झालं ते लिहिते. आठला सगळ्या पायऱ्यांवर जमल्या. कायम सिस्टर येतीलच, विद्यार्थिनींची गाडी घाटात आहे, असं क्लार्कने सांगितलं. रजिस्टर बाहेर आणलं होतं, सगळ्यांचे फोटो काढत होते, आफशीनने सही केली, पाठोपाठ सगळ्यांनी केली. मी म्हटलं, अजून कोणी आलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, तुझंच वाक्य आहे ना, एकही मागे राहता कामा नये. मी सही केली. "सकाळी ८.०० वा. कार्यभार सोडला. संपावर." खोलीचं दार माझ्या मागे उघडं होतं आणि आत सहा बाळं होती.

दहा मिनिटं वाट बघितली. मग आत गेले. तेव्हापासून आतच आहे.

कायम सिस्टरनी आजारी रजा टाकली, त्याही घाबरल्या आहेत. विद्यार्थिनींच्या आईवडिलांनी त्यांना पाठवलंच नाही. अधीक्षकांकडे गेले आणि म्हटलं, मी काम करते आहे, रजिस्टरमध्ये तसं लिहू द्या. ते म्हणाले, यादी नऊ वाजता पोलिसांना गेली, आता त्यात खाडाखोड होणार नाही. मी विचारलं, मग मी आत काय आहे? ते म्हणाले, कागदोपत्री तुम्ही बाहेर आहात. आतल्या बाळाला काही झालं तर ड्युटीवर नसलेल्या बाईने हात लावला असं मला लिहावं लागेल.

म्हणजे मी आत राहिले आणि एखादं गेलं, तर ते माझ्यामुळे. बाहेर गेले तर नक्की जाणार.

तौफिकभाईंनी दहा वाजता दोन मोठी बाळं आयांसकट खालच्या तालुक्यापर्यंत पोचवली आणि ते परत आले. चार उरली आहेत. ती गाडीतून न्यायची नाहीत, गाडीतले डॉक्टरही संपावर आहेत आणि घाटात वॉर्मर नाही. त्यातलं एक रेवजीचं. रेवजी म्हणजे वरच्या पाड्यावरचा, बायकोला झोळीतून आणलं होतं त्याने. बाळ चौदाशे ग्रॅमचं. ते श्वास विसरतं. चांगलं चाललेलं असतं आणि मध्येच थांबतं. तळव्याला टिचकी मारली की परत घेतं. त्याच्या पायाशीच हे लिहिते आहे.

थांबलं होतं. घेतला.

काल रात्री आठपासून बसलेली नाही, आता बसले तर डोळे मिटतात. म्हणून उभी राहून लिहिते. बाकीच्या तिघांना दर दोन तासांनी नळीने दूध. जान्या नावाचे एक म्हातारबाबा आहेत, एक नंबरच्या बाळाचे आजोबा. त्यांना मी दाराशी बसवलं आहे आणि सांगितलं आहे की मी पडले तर ओरडा. ते त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाले आणि माझ्याकडे बघत बसले. डोळा हलवत नाहीत.

परत थांबलं. या वेळी दोन टिचक्या लागल्या.

आफशीन खिडकीपाशी आली होती. मला वाटलं भांडेल. ती रडत होती. म्हणाली, मी आत आले तर बाकीच्या तुटतील, आणि आले नाही तर तुझ्याकडे बघवत नाही. चहा ठेवून गेली. तो गार झाला.

अंगणात पोलिसांची जीप उभी आहे. संध्याकाळी यादीतल्या सगळ्यांना नेणार म्हणतात. माझं नाव चौथं आहे. मला नेलं तर ह्याच्या पायाशी कोण, हे मी जीपमधल्या बाई शिपायाला विचारलं. तिचं स्वतःचं मूल आठ महिन्यांचं आहे. ती म्हणाली, ताई, मला विचारू नका.

फुई, मला अटकेची भीती होती. आता ती आठवतसुद्धा नाही. मला झोपेची भीती वाटते.

तू लिहिलं होतंस, घेणारी समोर हवी. मी चुकले. पत्र नंतर आलं असं म्हणणार नाही. हे मला पत्राशिवाय माहीत होतं.

तौफिकभाई निघाले आहेत. सांग काय करू.

रुचिका

*

नंदुरबार,
दि. २२ जानेवारी, दुपारी पावणेचार

चि. लोटन यास अ. उ. आ.

हे पत्र शहाद्याच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे, तो तुझ्या दारात टाकेल. फोन करत नाही, कारण फोनवर तू रडशील आणि मला आत्ता वेळ नाही.

रुचिकाचं सोबतचं पत्र वाच. ते तौफिकने दोन वाजता आणून दिलं. मी वाचलं आणि टेबलावर पडलेला तो सरकारी कागद घेऊन कार्यालयात गेले. तीन दिवसांपूर्वी ज्याला चहा दिला नव्हता तोच समोर बसलेला. मी म्हटलं, मी यायला तयार आहे, पण घाटावरच नेमणूक हवी, बाळांच्या खोलीत हवी आणि आदेश आत्ता हातात हवा. तो म्हणाला, उद्या निघेल. मी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हटलं, मग उद्यापर्यंत बसते. तासाभरात निघाला. आता तौफिकच्या गाडीने वर जाते आहे, अंधार पडायच्या आत पोचू.

गाव काय म्हणेल ते मला माहीत आहे. पोरगी संपावर आणि फुईने संप मोडला. म्हणू दे. तूही मनात म्हणशील तर म्हण. पण घेणारी आल्याशिवाय तिला तिथून हलता येणार नाही. ती हलणार नाही, आणि झोप कोणाला विचारून येत नाही. अधीक्षक आणि पोलीस मिळून तिला दोन्हीकडून धरून बसले आहेत. यातून सोडवायची एकच रीत मला येते, तीच करायला निघाले आहे.

तिला घरी आणीन असं समजू नकोस. तिला बहुतेक नेतील. ते मला थांबवता येणार नाही. तिच्या मागे काही मेलेलं राहणार नाही एवढं बघते.

एक गोष्ट तुला एकट्याला लिहिते. सात वर्षं झाली मी बाळाला हात लावलेला नाही. चौदाशे ग्रॅमच्या बाळाची शीर मला चष्म्यातूनही दिसेल की नाही सांगता येत नाही. मघाशी दाराला लावताना दोनदा कुलूप हातातून पडलं. लहानपणी तू विहिरीत पडलास तेव्हाही माझे हात असेच झाले होते आणि तरी दोर खाली सोडून तुला वर काढलंच होतं की मी. म्हणून जाते.

सकाळी जेवून घे. मी विचारीन.

तुझी मोठी बहीण,
सुनिता

*

घाटावरून,
दि. २३ जानेवारी, सकाळ

चि. लोटन यास अ. उ. आ.

आधी तुला हवं ते. रुचिकाला अटक झाली आहे. तब्येतीने बरी आहे. जीपमध्ये बसल्या बसल्या झोपली, आफशीनच्या खांद्यावर, असं तौफिकने येऊन सांगितलं. चौदा जणी आहेत. आज खाली न्यायालयात उभं करतील. वकील बघितला आहे, आफशीनचे मामा निजाम यांच्या ओळखीचा. तू जा. पांढरा सदरा घाल आणि तिथे कोणाच्या पाया पडू नकोस.

आता कालचं. आम्ही पावणेसातला पोचलो. पायऱ्यांवर संपावरच्या बायका होत्या. मी आदेशाचा कागद घेऊन चढले तेव्हा एकीने विचारलं, कामावर आल्या का मावशी? मी हो म्हटलं. त्यांनी वाट दिली. पाठीवर नजरा लागतात, हे मी कधीकाळी दुसऱ्या बाजूने केलेलं आहे.

आत रुचिका भिंतीला टेकून उभी होती, एक हात वॉर्मरमध्ये. मला बघून तिने फुई म्हटलं नाही. "सिस्टर, ओव्हर घ्या," म्हणाली. मी चप्पल काढली, हात धुतले आणि म्हटलं, एक नंबरपासून सांग.

एवढ्यात अधीक्षक आले, मागे पोलीस अधिकारी आणि ती बाई शिपाई. अधीक्षक मला म्हणाले, बाई, तुम्ही तुमचा चार्ज माझ्याकडून घ्या, ह्या सकाळी आठपासून ड्युटीवर नाहीत, ह्यांना ओव्हर देता येणार नाही. लोटन, मी तिथे वीस बोलणी मनात जुळवून नेली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. एवढंच बोलले. "सकाळी आठपासून खोलीत कोणी नव्हतं असं तुम्ही लिहा, खाली सही करा. मग ही चार जिवंत कशी, तेही तुम्हीच लिहा."

पोलीस अधिकारी त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने घड्याळ बघितलं आणि विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हटलं, अर्धा तास, आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. त्याला बहुतेक त्याच्या घरच्या कोणाची आठवण झाली असावी. काही असो, उभा राहिला.

आम्ही एकेका बाळाशी गेलो. ती सांगत होती, मी हात लावून बघत होते. आवाज घोगरा होता पण एक आकडा चुकला नाही. रेवजीच्या बाळाशी आलो आणि ते माझ्या हाताखाली थांबलं. तिने आपला हात पुढे केला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं माझंही थांबलं होतं. मी तळव्याला टिचकी मारली, काही नाही, परत मारली. मग घेतला. तेव्हा कुठे तिने वॉर्मरवरचा आपला हात काढला.

सरकारी रजिस्टर अधीक्षकांनी दिलं नाही. म्हणून माझ्या वहीत लिहिलं, दोन प्रती. साक्षीला बाई शिपायाने सही केली. अधिकाऱ्याने तिला नको म्हटलं नाही. एक प्रत पोलिसांनी रुचिकासोबत नेली, ती वकिलाला मागायला सांग. दुसरी माझ्याजवळ आहे, तिची नक्कल खाली देते आहे. ही नक्कल घडी करून ठेव, ओली होऊ देऊ नकोस.

जाताना मी तिला स्वेटरची बटणं लाव म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. तिने लावली.

मी इथेच आहे. काल रात्रीपासून रेवजीचं बाळ नऊ वेळा थांबलं. मला शीर दिसते, चष्मा लागतो पण दिसते. दाराशी ते जान्याबाबा मला मदत करतात, माझी मान खाली गेली की काठी आपटतात. आज सकाळी कायम सिस्टर रजेवरून परत आल्या, त्यांना माझ्याशी नीट बोलवत नाही, ओव्हर घ्यायला धजत नाहीत, पण दूध पाजायला हात लावतात. एक जण घेणारी मिळाली की मी दोन तास झोपेन. भीती गेली का विचारशील तर नाही गेली. ती असली की झोप येत नाही, म्हणून मी तिला राहू दिलं आहे.

तुझी,
सुनिता

नक्कल

नवजात शिशू कक्ष. दि. २२ जानेवारी. ओव्हर सुरू ७.०५, पूर्ण ७.३५ संध्याकाळी.

वॉर्मर १. जान्या यांची नात. वजन १८५० ग्रॅम. सहाचं दूध घेतलं, उलटी नाही. लघवी झाली. पुढचं दूध आठला.

वॉर्मर २. मुलगा, चौथा दिवस. कावीळ, दिव्याखाली. डोळ्यांवरची पट्टी सहाला बदलली. आई प्रसूती विभागात, ताप आहे, तिला बाळ दारातून दाखवले.

वॉर्मर ३. मुलगी, दुसरा दिवस. सलाईन डाव्या हाताला, सूज नाही. रडते. रडू द्यावे, चांगले आहे.

वॉर्मर ४. रेवजी यांचा मुलगा. वजन १४०० ग्रॅम. नळीने दूध १२ मिली. श्वास थांबतो, सकाळी आठपासून एकवीस वेळा. तळव्याला टिचकी मारली की घेतो. मारण्यापूर्वी मोजत थांबू नये. एकटे सोडू नये.

ऑक्सिजन सिलिंडर भरलेले दोन, चालू एक, पाऊण. औषधाच्या कपाटाची किल्ली एक. दुसऱ्या नर्सच्या मागणीचे अर्ज चार, पोचेसह.

एकूण बाळे चार. चारही जिवंत.

ओव्हर देणार: रुचिका लोटन पाटील, अधिपरिचारिका, कंत्राटी. संपावर.

ओव्हर घेणार: सुनिता पाटील, परिसेविका, सेवानिवृत्त. संपकाळापुरती.